खिंडीपलीकडचे कातरकरी

उन्हं तापायला लागली तरी काकूंची मेंढरं अजून लोकरीतच होती.

असं आजवर कधी झालं नव्हतं. दर साली थंडी ओसरली की खिंडीपलीकडून कातरकरी यायचे. पुढे लंबू आणि मागे त्याची टोळी, प्रत्येकाच्या खांद्यावर वळकटी आणि वळकटीत फडक्यात गुंडाळलेली कात्री. खिंडीच्या अलीकडे एक देश होता आणि पलीकडे दुसरा. पण मेंढरांना ते ठाऊक नव्हतं आणि कातरकऱ्यांनीही ते कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. चौकीवरचा शिपाई त्यांचे कागद बघायच्या आधीच "यंदा उशीर केलात" म्हणायचा. मग टोळी गावात उतरायची, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या माळ्यावर पथारी टाकायची. काकूंच्या अंगणात कात्र्यांचा कचकचाट सुरू झाला की साऱ्या गावाला कळायचं, आता थंडी गेली.

यंदा खिंडीत तोफा होत्या.

गावातल्या बहुतेकांनी हळूहळू मेंढरं विकून फळबागा लावल्या होत्या. दारात हौसेपुरती दोन-चार मेंढरं असायची, पण कळप म्हणावा असा काकूंच्याच घरी उरला होता. आणि घरात माणसं म्हणाल तर तीन. काकू, त्यांचे यजमान आणि सून. मुलगा सैन्यात गाडी चालवायचा. लढाई पेटल्यापासून खिंडीच्या खालच्या अंगाला कुठेतरी सामान पोचवत होता. नक्की कुठे ते फोनवर सांगायची मुभा नव्हती.

यजमानांना गाव हंकाका म्हणायचं. कारण काहीही विचारा, ते "हं" म्हणायचे. होकार असला तरी हं आणि नकार असला तरी हं. फरक फक्त काकूंना कळायचा. "तेवीस तऱ्हेचे हं आहेत ह्यांचे," काकू सांगायच्या, "आणि लग्नात सगळे मलाच आंदण मिळाले."

कातरकऱ्यांची वाट बघून बघून शेवटी तिघांनी कामाला हात घातला. हंकाकांनी माळ्यावरच्या जुन्या कात्र्या काढल्या, दगडावर धार लावली. सुनेनं मेंढी धरायची, पाडायची आणि मांड्यांत दाबून ठेवायची. काकूंनी पोटाकडून सुरुवात करायची. लोकर एकसंध, गोधडीसारखी उतरली पाहिजे, ही त्यातली खरी कला. लंबू ती अशी उतरवायचा की मेंढीला आपण कधी नागड्या झालो ते कळायचं नाही. काकूंच्या हातून मात्र तिचे तुकडे पडायचे. मेंढी लाथ झाडायची, कात्री निसटायची आणि काकू त्या मेंढीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

दुपारपर्यंत मनगटं सुजायची. लोकरीतलं चिकट मेण कोपरापर्यंत चढायचं आणि त्यावर धूळ बसून हाताला काळी साल यायची. पाठ सरळ करायची म्हटली तर आधी भिंतीला हात लावावा लागायचा. एवढं करूनही दिवसाकाठी उतरलेल्या लोकरीचा ढीग बघितला तर मांजरानं उशी फाडल्यासारखा दिसायचा. कुंपणात बाकीची मेंढरं जिभा बाहेर काढून सावलीसाठी एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसत उभी असायची.

त्यातच एका म्हाताऱ्या मेंढीला लोकरीखाली अळ्या पडल्या. काकूंनी गुडघ्यावर बसून जखम धुतली, चिमट्यानं एकेक अळी वेचली, औषध भरलं. मेंढी कण्हतसुद्धा नव्हती. नुसती काकूंच्या तोंडाकडे बघत होती. "मला काय बघतेस," काकू म्हणाल्या, "मी नाही खिंड बंद केली."

औषध संपलं म्हणून काकू दुकानात गेल्या. गावात दुकान एकच आणि दुकानदारही एकच. गोल, लालबुंद, मोठ्या आवाजाचा. फळीवर त्याचा रेडिओ सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असायचा आणि लढाई सुरू झाल्यापासून तर तो रेडिओच्याही वर आवाज काढून बोलायचा. बाकावर चार रिकामी माणसं होतीच.

"अहो, खिंड कधी उघडेल म्हणतात काही?" काकूंनी विचारलं. "लंबूची माणसं आली असती तर माझी मेंढरं सुटली असती."

दुकानदारानं औषधाची बाटली हातातच धरून ठेवली. "वहिनी, तुम्ही शत्रूची वाट बघताय होय?"

बाक हसलं. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसलं.

"शत्रू कसला? लंबू."

"लंबू असो नाहीतर ठेंगू असो. खिंडीपलीकडचा तो शत्रू. रेडिओ ऐकत जा जरा. पोरगा तिकडे छातीचा कोट करून उभा आणि आई इकडे शत्रूला आवतण देतेय!"

मुलगा छातीचा कोट करून नाही, गाडीत बसून बटाटे पोचवतो, हे काकूंच्या जिभेवर आलं होतं. पण एरवी ज्यांच्या जिभेला हाड नाही म्हणून ख्याती, त्या काकू बाटली घेऊन मुकाट्यानं पायऱ्या उतरल्या. मागे पुन्हा कुणीतरी हसलं. घरापर्यंतच्या चढावर त्यांना दहा उत्तरं सुचली, एकाहून एक तिखट; पण ऐकायला रस्त्यावर फक्त गाढव होतं.

घरी आल्या त्या तशाच लोकरीच्या पोत्यावर बसल्या. हंकाका कात्रीला धार लावत होते.

"अहो, तुम्हाला लंबू शत्रू वाटतो का?"

हंकाकांचा हात थांबला. "हं," ते म्हणाले. हा हं काकूंनीसुद्धा क्वचितच ऐकलेला होता. लहान पोरानं भलतंच काही विचारलं की बाप काढतो, तसला.

"मग मी हे पेपरात लिहिते. बाजारगावच्या साप्ताहिकात लोकांची पत्रं येतात. गटाराची येतात, मोकाट कुत्र्यांची येतात. मग माझं का नाही येणार?"

काकूंचं शिक्षण चार यत्ता. अक्षर मात्र टपोरं. त्यांनी त्याच दुपारी पत्र लिहायला घेतलं. हातांचा चिकटा कागदाला लागत होता, म्हणून आधी हात राखेनं घासून आल्या. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. लिहून झालं तेव्हा त्यांना बाळंतीण झाल्यासारखं हलकं वाटलं. सुनेला बोलावून त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

सून ऐकत राहिली. शेवटचं वाक्य होतं, "हे युद्ध कुणाच्या कामाचं आहे ते आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तर ते थांबवावं, ही विनंती." ते ऐकून ती उठली आणि कुंपणात गेली.

त्या संध्याकाळी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मेंढ्या अशा पाडत होती की धप्प आवाज यायचा. सून तशी मनमिळाऊ. सासू-सुनांचं भांडण व्हायचं ते फक्त मीठ कमी की जास्त यावरून. मधल्या वेळी पाणी प्यायला थांबल्या तेव्हा काकूंनीच विषय काढला.

"तुला नको असेल तर फाडून टाकते. बोल तरी."

"त्यांच्या साहेबांनी वाचलं तर?" सून म्हणाली. "तिथे त्यांना काही बोलले, कुठे पुढे धाडलं, तर? तुम्ही आई आहात. पण त्यांच्या खोलीत रोज एकटी झोपते मी."

काकूंनी कमरेला खोचलेला कागद काढला आणि सुनेच्या हातात दिला. "घे. तुझ्या हातात. ठेव नाहीतर चुलीत घाल. मी विचारणार नाही."

सुनेनं कागद कनवटीला लावला आणि मेंढी धरली. पुढच्या तासाभरात तिनं आपणहून कात्री मागून घेतली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एक मेंढी कातरली, दोन ठिकाणी टोचली, रडली, आणि रडता रडता हसायला लागली. कारण मेंढीच्या पाठीवर अशा काही पायऱ्या पडल्या होत्या की ती मेंढी न वाटता डोंगरावरचं शेत वाटत होती. हंकाकांनी ते बघितलं आणि तेही हसले. पोट धरून, आवाज न करता, खांदे हलवत.

जेवणं झाल्यावर सुनेनं कागद काढून जमिनीवर पसरला.

"पेन द्या. खाली एक वाक्य माझं घालणार मी. आणि सही पण मी करणार. नवरा माझा आहे."

तिनं लिहिलं, "माझे यजमान गाडी चालवायला शिकले ते लोकर बाजारात न्यायला. त्यांना त्या कामावर परत पाठवावं."

"बाबा, तुमची सही?" तिनं कागद हंकाकांपुढे सरकवला. हंकाकांनी पेन घेतलं, जीभ ओठांत धरली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. काकूंना ते वाचताना क्षणभर कळेना, हा कोण माणूस.

बाजारगावला दूधगाडी जायची. काकू आणि हंकाका पहाटे कॅनांच्या मधे बसून निघाले. साप्ताहिकाचं ऑफिस बस थांब्यामागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून होतं. पुढे एक खोली, मागे छपाईचं यंत्र. यंत्र चालू झालं की भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं. संपादक म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ, गळ्यात मफलर, हातात रुमाल. बारा महिने सर्दी. कोपऱ्यात त्यांच्या बायकोचा संगणक. साप्ताहिकातलं अक्षर न् अक्षर तीच टाईप करायची.

संपादकांनी पत्र वाचलं. मग शिंकले. मग पुन्हा वाचलं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "फार चांगलं. पण काकू, हे असं छापता येत नाही हो. थोडं इकडे-तिकडे करू. आता हा 'युद्ध' शब्द. तो काढू आणि 'सध्याची परिस्थिती' घालू. 'सध्याच्या परिस्थितीमुळे मेंढ्या कातरण्यास विलंब.' मग मलाही त्रास नाही, तुम्हालाही नाही."

"आणि लंबू?"

"लंबूच्या जागी 'परगावचे मजूर.'"

"आणि थांबवा म्हटलंय ते?"

"ते तर काढावंच लागेल."

"मग उरलं काय? मेंढ्या!" काकू म्हणाल्या. "मेंढ्यांचं पत्र मेंढ्यांनी लिहावं, मी कशाला चार मैल दुधाच्या कॅनांत बसून येऊ?"

संपादक अवघडले. भला माणूस होता, आणि भल्या माणसाला भीती जरा जास्तच वाटते. "तुम्ही समजून घ्या. लोक तापलेत. उद्या कुणी दगड मारून काच फोडली तर?"

"काच आहे कुठे?" कोपऱ्यातून त्यांची बायको म्हणाली. "मागच्या वादळापासून पुठ्ठाच आहे."

"तू मधे बोलू नकोस. हे बघा काकू, परिस्थिती हा शब्द वाईट नाही. सरकार पण वापरतं."

तेवढ्यात हंकाका खाकरले. काकूंनी चमकून मागे बघितलं. त्यांच्या अंदाजानं आता एक हं येणार होता.

"परिस्थिती म्हणजे काय, पाऊस आहे?" हंकाका म्हणाले. "पाऊस आपला आपण येतो. तोफा माणसांनी ओढत नेल्या. आमच्या दारावरून नेल्या. रस्ता अरुंद म्हणून माझं कुंपण पाडलं. मी बघितलंय. त्याला नाव आहे. तेच घाला."

मागचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं होतं. काकू नवऱ्याकडे आ वासून बघत राहिल्या. लग्नाच्या बोलणीतसुद्धा हा माणूस इतकं बोलला नव्हता.

संपादकांनी नाक पुसलं. मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "आता मी काय करू?" ते बायकोला म्हणाले.

"काही करू नका," ती म्हणाली. "मी टाईप केलंसुद्धा."

त्या आठवड्याचा अंक आला आणि त्यात पत्र नव्हतं. पत्रांच्या जागी गटार होतं, कुत्री होती आणि वाचनालयातल्या पंख्याबद्दल एका निवृत्त मास्तरांचं लांबलचक म्हणणं होतं. काकूंनी अंक पुढून मागे वाचला, मागून पुढे वाचला, जाहिराती वाचल्या. "घाबरला मफलर," त्या म्हणाल्या आणि कातरायला बसल्या. तीन दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं. एका मेंढ्याची शेपटी थोडक्यात वाचली.

पुढच्या आठवड्यात दूधगाडीवाल्यानं वळणावरूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. गाडी दारात थांबायच्या आधीच त्यानं अंक खिडकीतून बाहेर धरला होता. "काकू! आलंय! तिसऱ्या पानावर!"

खरोखरच आलं होतं. शब्दन् शब्द तसाच. वर ठळक मथळा होता, "युद्ध थांबवा." त्याच्या लगेच खाली दुसऱ्या कुणाचं तरी पत्र होतं, त्याचा मथळा "शाळेपाशी बस थांबवा." दोन्ही मथळे एकाच आकाराचे आणि मधे रेघ घालायची राहून गेलेली.

काकूंनी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. सुनेला वाचून दाखवलं, हंकाकांना दाखवलं, आणि सून म्हणते की नंतर कुंपणाशी जाऊन मेंढरांनाही दाखवलं. काकू हे कबूल करत नाहीत. आपलं अक्षर नव्हे, आपला हातही नव्हे, पण वाक्यं आपलीच, आणि ती अशी छापून आलेली बघताना काकूंना वाटत होतं की आपण सणसणीत आवाजात काहीतरी बोललो आणि डोंगरानं ते नीट ऐकून घेतलं.

सुनेनं स्वतःचं वाक्य बोटानं शोधलं आणि त्यावर बोट तसंच ठेवून बसून राहिली.

गाव मात्र गप्प झालं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर भेटलेल्या बायकांनी आज ऊन फार आहे एवढंच म्हटलं. बाकावरच्या एकानं काकू जाताना मुद्दाम मान फिरवली. दुकानदारानं तर काडेपेटी देताना ती हातात न देता फळीवर ठेवली.

"वाचलं," तो म्हणाला. "बस थांबत नाही या रस्त्यावर, युद्ध काय थांबतंय!"

यावेळी काकूंना उत्तर जागच्या जागी सुचलं. "दोन्ही मागून बघायला काय जातंय? एक तरी थांबेल."

पण घरी येताना पाय जड होते. सुनेच्या मनात काय चाललंय तेही दिसत होतं. फोन आला नव्हता. त्या रात्री तिघंही लवकर आडवी झाली आणि तिघांपैकी कुणालाही झोप लागली नाही.

सकाळी कुंपणाशी कुणीतरी उभं होतं. सुतार. गावाच्या खालच्या अंगाला राहणारा, तोंडानं फटकळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हातात जुनी गंजकी कात्री.

"मी एक आधीच सांगून ठेवतो," तो काकूंना म्हणाला. "युद्धाबिद्धाचं तुम्ही लिहिलंत ते मला पटलेलं नाही. त्यावर मी बोलणार नाही. पण गावातली मेंढरं लोकरीत उभी आहेत हे सगळ्या बाजारगावानं वाचलं. माझ्या मेव्हण्यानं फोन करून विचारलं, तुमच्या गावात माणसं नाहीत का? ही अब्रू गेली आमची. कुठली धरू?"

"ती काळ्या तोंडाची धरा," काकू म्हणाल्या. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

सुतारामागून त्याची बायको आली. मग गिरणीवाला आणि त्याच्या दोन्ही मुली. मग पाण्यावरच्या त्या सगळ्या बायका, ज्यांना काल फक्त ऊन दिसलं होतं. कुणी माळ्यावरच्या कात्र्या आणल्या होत्या, कुणी शिवणकामाच्या, आणि गावच्या शाळामास्तरांनी तर झाडं छाटायची कात्री आणली होती. ती हंकाकांनी अदबीनं काढून घेतली आणि मास्तरांना लोकर भरायला बसवलं. जो येईल तो आधी सांगायचा, "युद्धाबद्दल माझं मत वेगळं आहे हं." काकू म्हणायच्या, "असू दे. मागचे पाय धरा."

दुपार होईस्तोवर अंगण जत्रेसारखं भरलं. बें बें करणाऱ्या मेंढ्या, पळालेल्या मेंढ्या, पळालेल्या मेंढीमागे पळणारा गिरणीवाला. आधीच पांढरा, त्यात लोकर चिकटल्यावर कुठला तो आणि कुठली मेंढी ते ओळखू येईना. लहानपणी सगळ्यांनी कातरकरी बघितले होते आणि बघून आपल्यालाही येतं असं सगळ्यांना वाटत होतं. कातरलेली मेंढरं मात्र अशी निघत होती की एकमेकांना ओळखेनात. कुणाच्या पाठीवर झुबके राहिले होते, कुणाचा एकच बाजूचा खांदा उघडा. त्या पायऱ्यावाल्या मेंढीला आता भरपूर जोडीदारणी मिळाल्या. सुतारीण हसता हसता जमिनीवरच बसली.

"लंबूनं बघितलं तर रडेल," सुतार म्हणाला.

"लंबू कसला," गिरणीवाला म्हणाला. "खरा हात तो टोळीतल्या डावऱ्याचा. लंबू नुसता पुढे चालायचा."

"डावऱ्याचा? डावरा घाई करायचा. त्या गाणाऱ्या म्हाताऱ्याचं कातरणं बघायचं होतंस!"

"म्हातारा कातरायचा कमी आणि गायचा जास्त."

आवाज चढले. कात्र्या थांबल्या. कुणी डावऱ्याच्या बाजूचं झालं, कुणी म्हाताऱ्याच्या. गिरणीवाल्याच्या धाकट्या मुलीनं सांगितलं की तिच्या तापात रात्रभर जागला तो डावराच, तेव्हा यात काही बोलायचं कामच नाही. याच गदारोळात काकूंनी बघितलं, तर फाटकात दुकानदार उभा. दुकान कधी नव्हे ते दिवसाढवळ्या बंद करून आलेला. तो आत आला, बाह्या सरसावल्या आणि एका दांडग्या मेंढ्याचे पाय धरून त्याच्यावर जवळजवळ बसलाच.

"मी विरोधात पत्र लिहिणार आहे," तो मेंढ्यावरून काकूंना म्हणाला. "सडेतोड लिहिणार."

"लिहा की. घट्ट धरा, तो लाथ मारतो."

त्यानं मारलीच.

संध्याकाळी शेवटची मेंढी सुटली. तिनं एकदा अंग झाडलं, आपण किती हलक्या झालो याचं तिला नवल वाटलं आणि तिनं चारी पाय उचलून उडी मारली. मग दुसरीनं मारली. थोड्याच वेळात सगळा कळप त्या वेड्यावाकड्या कातरलेल्या अंगांनी कोकरांसारखा उड्या मारत होता आणि सगळं गाव कुंपणाला टेकून ते बघत होतं. सून हंकाकांच्या शेजारी उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

पुढच्या अंकाच्या आदल्या दिवशी संपादकांचा फोन आला. आवाजात सर्दी होती, पण भीती कुठे दिसेना. "काकू, या खेपेला गटार बाहेर ठेवावं लागलं हो. आणि कुत्री पण. जागाच नाही. पत्रांचं अख्खं पान झालंय."

अंक आला तेव्हा काकू मुद्दाम दुकानात गेल्या. दुकानदारानं तो आधीच उघडून फळीवर पसरला होता आणि रेडिओ बंद केला होता. बाकावरची माणसं उठून फळीभोवती गोळा झाली होती.

"वाचतो," तो म्हणाला. "माझं आधी. 'संपादक महाशय, मागील अंकातील पत्राशी मी अजिबात सहमत नाही.' कसं?"

"चांगलं आहे."

"'युद्धाचे निर्णय मोठी माणसं घेतात, ते आपल्याला कळत नाहीत. शिवाय सदर पत्रात एक मोठी चूक आहे. लंबूच्या टोळीचा उल्लेख करताना त्यांच्या स्वयंपाक्याचा उल्लेख केलेला नाही. हा माणूस दर साली माझ्या दुकानाच्या मागे चूल मांडत असे. माझी आई आजारी असताना तो तिला रोज पेज करून देई आणि ती फक्त त्याच्या हातची घेई. ही गोष्ट पत्रलेखिकेला माहीत असूनही तिनं ती वगळली, हे योग्य नाही.'" वाचता वाचता त्याचा मोठा आवाज शेवटाकडे बारीक झाला. त्यानं कागद नीट केला. "सडेतोड आहे ना?"

"फार सडेतोड आहे," काकू म्हणाल्या.

खाली गिरणीवाल्याचं पत्र होतं, की सर्वांत निष्णात डावराच, आणि त्याचं श्रेय लंबूला देणं हा अन्याय आहे. त्याखाली सुताराचं: युद्धावर आपल्याला काही बोलायचं नाही, पण त्या गाणाऱ्या म्हाताऱ्यानं आपल्याला लाकडाला लोकरीच्या मेणानं चकाकी आणायला शिकवलं, हे नोंदवून ठेवावं. मास्तरांनी कातरकऱ्यांच्या मुलांना आपण अंकगणित शिकवल्याचं लिहिलं होतं आणि त्यातला एक हुशार निघाल्याचं. बाजारगावच्या एका अनोळखी बाईनं विचारलं होतं की त्या टोळीत गालावर तीळ असलेला कुणी होता का, आणि तो बरा आहे का. थांबवा म्हणणारं त्यांत एकही पत्र नव्हतं. पण अख्ख्या पानावर खिंडीपलीकडची माणसं ओळीनं बसलेली होती, आणि त्यांना शत्रू म्हणायचं सगळ्यांच्याच राहून गेलं होतं.

काकू घराकडे निघाल्या. चढावर त्यांना इतकं हसू यायला लागलं की मधे थांबावं लागलं.

घरात सून फोन कानाला लावून उभी होती. तिनं हातानं खूण केली, तो आहे. ती त्याला सगळं सांगत होती, पत्र, सही, अंगणातली जत्रा, मास्तरांची कात्री. साहेब काही बोलले का, हे तिनं शेवटी, अगदी हलक्या आवाजात विचारलं. मग ऐकत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"काय म्हणतोय?" काकूंना राहवेना.

"साहेबांनी वाचलंय म्हणे. काही बोलले नाहीत, अंक दुमडून खिशात ठेवला." सुनेनं फोन तिघांच्या मधे धरला. "आणि हे म्हणतायत, यादी अपुरी आहे."

"आई," फोनमधून खरखरीत आवाज आला, मागे कुठेतरी इंजिन धडधडत होतं. "त्या टोळीत एक पोरगा यायचा, माझ्याच वयाचा. लंबूचा भाचा. आम्ही दोघं तुझ्या पोत्यांवर झोपायचो. त्याचं कुणीच लिहिलं नाही!"

"मग तू लिही," काकू म्हणाल्या.

हंकाका पुढे वाकले.

"घरी येऊन लिहितो," मुलगा म्हणाला. "माझं नाव घालून. जागा ठेवायला सांग त्यांना."